सुलेखाताईंनी वेचलेल्या गोचिडी

मेलेल्या हरणाच्या कानातल्या गोचिडी शोधायच्या तर कान उलटा करून आतली घडी अंगठ्याने ताणावी लागते, हे मला सुलेखा पांढरीपांडे यांनी शिकवलं. मी आयुष्यभर कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहिले. निवृत्तीनंतर हे शिकावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं.

व्हर्जिनियातल्या आमच्या हर्नडनपासून चाळीस मिनिटांवर मिलब्रँच नावाचं राखीव वन आहे. हरणं फार झाली की नोव्हेंबरात दोन आठवडे शनिवार-रविवारी तिथे शिकाऱ्यांना सोडतात. मारलेलं हरीण फाटकाजवळच्या तंबूत आणायचं, त्याचं वजन आणि दात बघून घ्यायचे, मग घरी न्यायचं. त्या तंबूत घडीच्या स्टुलावर सदुसष्ट वर्षांच्या सुलेखाताई बसलेल्या असायच्या. पांढरी पँट मोज्यांत खोचलेली, वरून चिकटपट्टी गुंडाळलेली, कपाळावर दिव्याचा पट्टा, हातात चिमटा. मी शेजारी बाटल्या धरून.

"अठरा," म्हणत त्या एक गोचीड अल्कोहोलच्या बाटलीत टाकायच्या. "एकोणीस. ये गं बये, तू पण ये."

एकदा एका शिकाऱ्याने कौतुकाने विचारलं, "मॅडम, तुम्ही या जनावरांवर संशोधन करता का?"

"नाही," ताई मान वर न करता म्हणाल्या. "मी सूड घेते."

तो मोठ्याने हसला. मी हसले नाही, कारण मला माहीत होतं की त्या खरं बोलत होत्या.

सुलेखाताई मूळच्या नागपूरच्या. तिथल्या पशुवैद्यक कॉलेजात त्यांच्या वर्गात तीनच मुली होत्या. पास झाल्यावर चार वर्षं त्यांनी भंडाऱ्याकडच्या एका गावात गुरांच्या दवाखान्यात काढली. सायकलला पेटी बांधून गोठ्या-गोठ्यांत जायच्या, गायीच्या शेपटीखाली हात घालायला कधी कचरल्या नाहीत. श्रीरामरावांशी लग्न झालं आणि त्या अमेरिकेत आल्या. इथे जनावरांचा डॉक्टर व्हायचं तर पुन्हा परीक्षा, पुन्हा कॉलेज. ते राहून गेलं. मग त्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागल्या आणि सत्तावीस वर्षं काचपट्ट्या रंगवत राहिल्या. आपल्याला इथे कोणी डॉक्टर म्हणत नाही याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण कोणी "लॅब टेक्निशियन" म्हणून ओळख करून दिली की त्या शांतपणे "पशुवैद्य" अशी दुरुस्ती करायच्या.

श्रीरामराव स्टेट कॉलेज नावाच्या गावी एमएस करायला आले होते, तेव्हा बर्फात गाडी घसरून त्यांना मोठा अपघात झाला होता. प्लीहा फुटली, ती काढून टाकावी लागली. बाकी माणूस ठणठणीत. अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमधून निवृत्त झाल्यावर रोज सकाळी मिलब्रँचच्या ओढ्याकाठी तासभर चालायचे आणि आल्यावर आज कुठला पक्षी दिसला ते अंगणातूनच मला ओरडून सांगायचे. आमची घरं भिंतीला भिंत लागून होती.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये त्यांना ताप आला. दोन दिवस नुसती कणकण, तिसऱ्या दिवशी थंडी वाजून अंथरूण हलायला लागलं. रविवारी सकाळी ते बाथरूममधून बाहेर आले आणि म्हणाले, "सुलेखा, लघवी लाल होतेय गं. काळ्या चहासारखी."

ताईंनी आत जाऊन पाहिलं. असली लघवी त्यांनी भंडाऱ्याला पन्नास गायींची पाहिली होती. गोचीड ताप. गोचीड चावते, तिच्या लाळेतून बेबेसिया नावाचा बारीकसा जंतू रक्तात उतरतो, तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या आतून फोडतो. फुटलेल्या पेशींचा रंग लघवीतून बाहेर येतो. माणसालाही तो होतो, फक्त जंतूची जात वेगळी. आणि रक्तातल्या असल्या पेशी गाळून काढायचं काम असतं प्लीहेचं. ज्याला प्लीहाच नाही, त्याच्या रक्तात त्या जंतूला मोकळं रान.

त्यांनी श्रीरामरावांच्या बोटाला स्वतःची शुगर तपासायची सुई टोचली, थेंब काचपट्टीवर पसरला, रंगवला आणि घरातला जुना मायक्रोस्कोप उघडला. लॅबने मोडीत काढलेला तो मायक्रोस्कोप त्यांनी निवृत्तीच्या दिवशी मागून आणला होता. तांबड्या पेशींत बारीक अंगठ्या दिसल्या. मग एका पेशीत चार मणी एकमेकांना चिकटलेले, चौफुलीसारखे. त्या खुर्चीतून उठल्या आणि श्रीरामरावांना म्हणाल्या, "चपला घाल."

वेळ न ठरवता जाता येईल असा जवळचा वॉक-इन दवाखाना दहा मिनिटांवर होता आणि रविवारी तिथे डॉ. शार्दूल रिसबूड असायचा. शार्दूल म्हणजे मृणालिनीचा मुलगा. मृणालिनी आणि सुलेखाताईंची तीस वर्षांची मैत्री. एकीच्या घरी पाहुणे आले की दुसरीच्या घरून भांडी जायची. शार्दूल इथेच जन्मलेला, शाळेतून आल्यावर आई कामावरून येईपर्यंत ताईंच्या घरी वरणभात खाऊन वाढलेला. आपला मुलगा आहे, नीट बघेल, म्हणून त्या तिथे गेल्या. थेट मोठ्या हॉस्पिटलला गेल्या असत्या तर, हा विचार त्यांनी पुढे किती वेळा केला असेल, ते त्याच जाणोत.

पुढचं त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की मी स्वतः त्या खोलीत होते असं वाटतं.

"शार्दूल, काकांना बेबेसिया झालाय. मी स्लाइड आणलीय, बघ. त्यांना प्लीहा नाहीये, ताबडतोब उपचार हवेत."

शार्दूलने काचपट्टी हातात घेतली, दिव्यासमोर धरली आणि हसला. "काकू, दॅट्स अ न्यू इंग्लंड थिंग. इथे व्हर्जिनियात नसतं ते. यू आर थिंकिंग ऑफ काउज."

"अरे, रक्तात दिसतंय. आणि स्प्लीन नाहीये त्यांची, ऐकतोयस का तू?"

"हो, हो, काकू. पण होममेड स्लाइड मी ॲक्सेप्ट नाही करू शकत. इन्फेक्शन वाटतंय युरिनचं. अँटिबायोटिक देतो, वेन्सडेपर्यंत फाइन होतील काका."

त्याने काचपट्टी कोपऱ्यातल्या लाल डब्यात टाकली.

मंगळवारी श्रीरामराव बेशुद्ध पडले. ॲम्ब्युलन्स मी बोलावली. हॉस्पिटलमध्ये तासाभरात निदान झालं, बेबेसियाच. रक्त बदललं, औषधं दिली, पण तोवर मूत्रपिंडं गेली होती. गुरुवारी ते वारले.

शनिवारी मृणालिनी आणि शार्दूल भेटायला आले. मी स्वयंपाकघरात पाणी भरत होते. शार्दूल ताईंच्या पायाशी बसला, त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "काकू, आय ॲम सो सॉरी. स्प्लीनचं मला माहीत असतं ना, तर मी लगेच हॉस्पिटलला पाठवलं असतं."

ताईंनी मान वर केली. "मी तुला दोनदा सांगितलं."

"काकू, इट्स नॉट इन द चार्ट. मी काल सकाळी चेक केलं."

"शार्दूल, दोनदा सांगितलं मी तुला."

मृणालिनीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "सुलेखा, त्या गडबडीत तुझं सांगायचं राहून गेलं असेल गं. तुझा दोष नाही."

तुझा दोष नाही. हे शब्द ऐकून माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. ताईंनी आपला हात हळूच सोडवून घेतला, उठल्या, दार उघडलं आणि दाराजवळ उभ्या राहिल्या. त्या दोघांना कळायला अर्धं मिनिट लागलं. मग ते गेले. ताईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्यानंतरही मी ते कधी पाहिलं नाही.

त्यांनी दवाखान्याकडून कागद मागवले. त्यात लिहिलं होतं, पूर्वीच्या शस्त्रक्रिया: नाहीत. त्यांनी राज्याच्या वैद्यकीय मंडळाकडे तक्रार केली. मंडळापुढे जे कागद होते त्यावरून दुसरा निर्णय होणं शक्य नव्हतं. तक्रार बंद झाल्याचं पत्र आलं. त्यात दोन वाक्यं महत्त्वाची होती. एक, प्लीहेच्या शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना दिल्याची नोंद नाही. दोन, या भागात हा रोग असल्याचं आढळलेलं नसल्यामुळे डॉक्टरांना तो न सुचणं समजण्यासारखं आहे.

ताईंनी ते पत्र फ्रिजवर चुंबकाने लावलं. मी गेले तेव्हा त्या चहा करत होत्या.

"पहिल्या वाक्याला माझ्याकडे आज उत्तर नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याला आहे. तुझी गाडी मिळेल का, पद्मजा? मला हायवेवर चालवता येत नाही."

"कुठे जायचंय?"

"जिथे त्याला चावली तिथे."

मिलब्रँचला रूथ मॅकिन्ले नावाची जीवशास्त्रज्ञ होती. पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. तिथल्या प्राण्यांवर कुठल्या जातीच्या गोचिडी असतात याची पाहणी तिला करायची होती आणि मदतीला माणसं मिळत नव्हती. हरणांचे कान चिवडायला कोण येणार? ताईंनी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. रूथने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला हवं ते सापडेलच असं नाही. आणि नाही सापडलं तर मी तसंच लिहीन."

"तसंच लिहा," ताई म्हणाल्या. "पण शोधू मीच."

त्या शरद ऋतूत आम्ही सेहेचाळीस हरणं, अकरा रॅकून, दोन कोल्हे आणि रस्त्यावर गाडीखाली आलेले ससे तपासले. मला जाती ओळखू यायला लागल्या. लोन स्टार, तिच्या मादीच्या पाठीवर एकच पांढरा ठिपका, कुंकवाच्या जागी चुना लावल्यासारखा. डॉग टिक, पाठीवर राखाडी नक्षी, ती रॅकूनच्या मानेवर. सशाच्या कानात वेगळीच, लहान. लांब शिंगांची आशियाई, ती तर नराशिवाय अंडी घालते, एका हरणावर तिची शेकडो पिल्लं. आणि काळ्या पायांची. विटकरी अंग, काळेभोर पाय. ताई ती भिंगाखाली धरायच्या आणि बराच वेळ बघत राहायच्या.

"हीच ना?" मी विचारायचे.

"हिचीच जात."

ती चिरडून टाकायची त्यांना किती इच्छा व्हायची ते चिमट्यावरच्या बोटांवरून दिसायचं. पण चिरडली तर तपासणी कशाची करणार? त्या तिला अखंड अल्कोहोलमध्ये टाकायच्या, पाय हलायचे थांबेपर्यंत बघायच्या आणि मगच झाकण लावायच्या.

पुढच्या वसंतात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निकाल आला. हरणांवरच्या चारशे बारा काळ्या पायांच्या गोचिडींत तो जंतू एकीतही नव्हता.

निकाल वाचून मला मृणालिनीचं बोलणं आठवलं. त्याआधीच्या जानेवारीत मराठी मंडळाच्या संक्रांतीला मृणालिनीने मला बाजूला घेऊन म्हटलं होतं, "तिला सांग गं, सोड म्हणावं आता. लोक हसतात. म्हातारपणी जंगलात किडे वेचत फिरते." तेव्हा शार्दूल त्याच हॉलमध्ये आरोग्य शिबिराच्या टेबलावर ज्येष्ठांचं ब्लडप्रेशर बघत बसला होता. मी ताईंना म्हटलं होतं, उठून बोला ना काहीतरी, सगळ्यांसमोर. त्या म्हणाल्या होत्या, "आज बोलले तर बाई दुःखाने भ्रमिष्ट झाली म्हणतील. पुरावा हातात येऊ दे." आणि आता पुरावा उलटा आला होता.

दुसऱ्या दिवशी रूथचा फोन आला. तिने शांतपणे समजावलं, हरणाच्या रक्तात हा जंतू टिकत नाही. हरीण गोचिडीला पोसतं, जंतूला नाही. जंतू राहतो उंदरात. पांढऱ्या पायांचा जंगली उंदीर. गोचिडीचं पिल्लू उंदराचं रक्त पितं, तिथून जंतू घेतं आणि मे-जूनमध्ये माणसाला चावतं.

ताईंनी कपाळावर हात मारला. "मी गुरांची डॉक्टर. मोठ्या जनावराकडेच बघत बसले. वर्ष घालवलं."

मे महिन्यात सापळे लावले. पत्र्याचे लांबट डबे, आत ओट्स आणि पीनट बटर. ताईंना ते सगळे श्रीरामरावांच्या ओढ्याकाठच्या वाटेवर लावायचे होते. रूथने साफ नकार दिला. "नकाशावर चौकटी आखल्यात, त्यात जिथे येतील तिथेच लागतील. आपण मुद्दाम जागा निवडली असं उद्या कोणी म्हटलं तर सगळं फुकट."

ताईंना ते पटलं. सूड घ्यायचा तर त्यात भोक राहता कामा नये, एवढं त्यांना कळत होतं. त्या चौकटीबाहेर एक पाऊल गेल्या नाहीत. तरीही एक चौकट त्या वाटेवर आलीच.

सकाळी सातला आम्ही डबे उघडायचो. आत मोठ्या काळ्या डोळ्यांचा, पांढऱ्या पोटाचा उंदीर थरथरत असायचा. मी दोन पावलं मागे. ताई त्याला मानेच्या कातडीला अलगद धरायच्या, जशी गावात कोकराची धरत असतील तशी, रक्ताचा थेंब घ्यायच्या आणि त्याच्या कानाकडे बघायच्या. कानाच्या कडेला गोचिडींची पिल्लं ओळीने चिकटलेली, खसखशीच्या दाण्याएवढी. एकेक चिमट्याने काढून झालं की त्या उंदराला गवतात सोडायच्या. "जा बाबा. तुझा काय दोष." गोचिडींबद्दल मात्र त्यांच्या तोंडून दयेचा शब्द कधी निघाला नाही.

दोन उन्हाळे आम्ही ते केलं. पहिल्या उन्हाळ्याचे नमुने कमी पडले. दुसऱ्याचे निकाल ऑगस्टमध्ये आले. अठ्ठ्याऐंशी उंदरांपैकी सहांच्या रक्तात बेबेसिया. सगळ्या उंदरांवरच्या मिळून दोनशे चौदा पिल्लांपैकी पाचांत. त्या पाचांतली दोन ओढ्याकाठच्या चौकटीतली.

ताईंनी भिंतीवर टकटक केलं. मी धावत गेले. त्या फ्रिजसमोर उभ्या होत्या आणि हसत होत्या. दोन वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं. त्यांनी पेन घेतलं आणि पत्रातल्या दुसऱ्या वाक्यावर सरळ रेघ मारली. मग कढई काढली आणि मला नागपुरी पुडाच्या वड्या तळून घातल्या. मी सात खाल्ल्या. सांगितल्याशिवाय राहवत नाही, फार सुंदर झाल्या होत्या.

रूथचा अहवाल काउंटीच्या आरोग्य खात्याकडे गेला. मार्चमध्ये त्यांनी भागातल्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना आणि कर्मचाऱ्यांना लायब्ररीच्या हॉलमध्ये माहितीसाठी बोलावलं. रूथने ताईंना म्हटलं, "जातींविषयी तुम्ही बोला. अर्ध्या तुम्हीच वेचल्यात."

ताईंनी मोतिया रंगाची साडी नेसली. चाळीस-पंचेचाळीस लोक होते. तिसऱ्या रांगेत शार्दूल बसला होता, मोबाइलवर काहीतरी वाचत. ताईंचं नाव पुकारलं तेव्हा त्याने मान वर केली.

त्या साध्या, ठाम इंग्रजीत बोलल्या. पाच जाती, पाच चित्रं, कुठल्या जनावरावर कुठली, कधी चावते, काय देते. शेवटी काळ्या पायांची. मग त्या म्हणाल्या, "आता एक रुग्ण सांगते. पुरुष, वय अडुसष्ट. ताप, थंडी, लाल लघवी. रोज मिलब्रँचला चालायचे. प्लीहा तरुणपणी काढलेली. त्यांची पत्नी रविवारी सकाळी डॉक्टरांकडे गेली, रक्ताची स्लाइड घेऊन. प्लीहा नसल्याचं तिने दोनदा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, हा रोग इथे नसतो. चार दिवसांनी रुग्ण वारला. ते माझे पती होते."

ताईंनी कोणाचं नाव घेतलं नाही. त्यांनी फक्त तिसऱ्या रांगेकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, "शार्दूल, आता लिहून घे."

त्या हॉलमध्ये मराठी कळणारे आम्ही तिघंच. पण शार्दूलचा चेहरा असा पांढरा पडला की शेजारचे दोघे त्याच्याकडे वळून बघायला लागले. तो उठला, खुर्च्यांत अडखळला आणि बाहेर गेला.

मला वाटलं, एवढ्यासाठीच त्या तीन वर्षं खपल्या. तेवढं झालं असतं तरी मी त्यांना गाडीत टाळ्या वाजवून घरी आणलं असतं. पण आम्ही पार्किंगमध्ये पोचलो तेव्हा मागून एक बाई धावत आली. तिशीची, गळ्यात दुसऱ्याच दवाखान्याचा बिल्ला. तिचं नाव रोझा.

"मॅडम, मी आधी त्या दवाखान्यात होते," ती धापा टाकत म्हणाली. "त्या रविवारी तुमच्या पतींचं ब्लडप्रेशर मी घेतलं. तुम्ही मलाही सांगितलं होतं. प्लीहा नाही, चौऱ्याऐंशी साली काढली. मी ते कॉम्प्युटरमध्ये टाकलं होतं. मला पक्कं आठवतं, कारण स्पेलिंग चुकलं म्हणून मी ते दोनदा टाइप केलं."

ताईंनी गाडीच्या टपावर हात टेकला. "कागदावर नाही ते."

"मग कोणीतरी काढलं."

रोझाने ते लिहून दिलं. तक्रार पुन्हा उघडली. दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहतेच, ती चौकशी अधिकाऱ्याने मागवली. मी आयुष्यभर असले प्रोग्रॅम लिहिले, पण आधी मला ते सुचलं नव्हतं, याची लाज अजून वाटते. नोंद अशी निघाली: रविवारी सकाळी दहा बेचाळीसला रोझाने लिहिलं, प्लीहा काढलेली. शुक्रवारी सकाळी सात वाजून पंधरा मिनिटांनी, म्हणजे श्रीरामराव गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, डॉ. रिसबूड यांनी ते खोडून "नाहीत" लिहिलं.

ते कळल्यावर मृणालिनी आली. मी तिथेच होते, ताईंनी मला जाऊ दिलं नाही. मृणालिनी सोफ्यावर बसली नाही, उभीच राहिली.

"तुझ्या मांडीवर खेळलाय तो, सुलेखा. तक्रार मागे घे. त्याचं आयुष्य बरबाद होईल."

"मागे घेतली तरी आता ती थांबणार नाही. आणि थांबत असती तरी मी घेतली नसती."

"चूक झाली त्याची. माणसाकडून होते."

"रविवारची चूक होती," ताई म्हणाल्या. "ती मी कधीतरी गिळली असती. शुक्रवारची चूक नव्हती. आणि शनिवारी तू माझा हात धरून म्हणालीस, तुझंच सांगायचं राहिलं असेल. तीन वर्षं मी रोज सकाळी उठून स्वतःला विचारलंय, खरंच राहिलं होतं का? माझ्याच तोंडून निघालं नसेल का? काहून केलंत गं असं?"

मृणालिनी रडायला लागली. "मला माहीत नव्हतं गं. देवाशपथ, मला माहीत नव्हतं."

"ते मी मानते."

एवढंच. पाणीही विचारलं नाही.

सुनावणी राज्याच्या राजधानीत, रिचमंडला झाली. शार्दूलने सगळं कबूल केलं. बाहेर लांब कॉरिडॉरमध्ये तो ताईंजवळ आला. बारीक झाला होता. "काकू, आय वॉज स्केअर्ड. खूप भीती वाटली मला."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या. "काकांनाही वाटली होती. ते तुझ्याकडे आले होते."

त्या चालायला लागल्या.

त्याचा परवाना दीड वर्षासाठी रद्द झाला, पुढे परत मिळाला तरी दुसऱ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्याने दवाखाना सोडला. मराठी मंडळात दोन तट पडले. काही जण ताईंना भेटल्यावर हात जोडतात, काही किराण्याच्या दुकानात रांग बदलतात. ताईंना दोन्हींचं काही वाटत नाही. आता आमच्या भागातल्या दवाखान्यांत मे ते सप्टेंबर, ताप घेऊन आलेल्याला गोचिडीविषयी आणि प्लीहेविषयी विचारतात. कोणाचा तरी जीव वाचत असेलच, म्हणून मी एकदा ताईंना म्हटलं, बघा, तुमच्यामुळे किती पुण्य. त्या वैतागल्या. "मी पुण्य कमवायला गेले नव्हते तिथे. लोकांचं भलं झालं असेल तर बरंच आहे. पण मला पाहिजे होता तो शार्दूल."

ऑक्टोबरात मृणालिनीने घर विकलं आणि ती मुलाबरोबर टेक्ससला जायला निघाली. ज्या दिवशी सामानाचा ट्रक आला, त्या दुपारी ताईंच्या दाराशी एक खोका होता. बेल कोणी वाजवली नव्हती. आत स्टीलचे डबे, दोन पातेली, एक परात, सगळ्यांवर पांढरीपांडे कोरलेलं. चिठ्ठी नव्हती.

ताईंनी खोका आत घेतला. परात वर काढून तिच्यावरचं नाव अंगठ्याने पुसलं आणि खुर्चीवर बसल्या. मी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"मृणालिनीचं वाटतंय. दुसरं कोण होतं मला इथे?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "तू होतीस, पण तू नंतरची."

"आणि शार्दूलचं?"

"नाही." त्यांनी जराही विचार केला नाही. "लोक म्हणतात, सूड घेतला की माणूस आतून रिकामा होतो. मी नाही झाले. मला झोप लागते आता, पद्मजा. पहाटे डोळा उघडला की मी सांगितलं होतं की नव्हतं, हा प्रश्न येत नाही. मी सांगितलं होतं."

त्या उठल्या आणि भांडी सिंकमध्ये ठेवून नळ सोडला. मी फडकं घेतलं. त्या घासत होत्या, मी पुसत होते. परात फार मोठी होती, कपाटात मावेना, म्हणून त्यांनी ती मलाच देऊन टाकली.